‘एक रुलिंग शोधून आण’ म्हटल्यावर पुढे काय होतं?

प्रश्न (इंदूरच्या एका वकील ताईंच्या लांब पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

सासऱ्यांनी उभं केलेलं वकिलीचं ऑफिस आता ताई चालवतात. चार ज्युनिअर, एक स्टेनो आणि सासऱ्यांच्या काळापासूनचे मुन्शी (कारकून) काका. कामं बहुतेक दिवाणी, म्हणजे वाटण्या, भाडेकरू, जमिनी, थोडी फौजदारीही. मागच्या वर्षी घसघशीत रक्कम भरून त्यांनी निवाड्यांच्या डेटाबेसची वर्गणी घेतली. तरी ज्युनिअर शोधून आणतात ते कामाला येत नाही. शंभर-शंभर पानांचे प्रिंट टेबलावर पडतात आणि आपला मुद्दा त्यात कुठे आहे, हे आणणाऱ्यालाच सांगता येत नाही. अलीकडे एका जुन्या वाड्याच्या दाव्यात ताई भावांच्या बाजूने उभ्या होत्या. वडील १९९८ मध्ये वारलेले, बहिणींनी हिस्सा मागितलेला. ज्युनिअर मुलीने आणलेलं सुप्रीम कोर्टाचं २०१५ चं रुलिंग (आधार म्हणून दाखवायचा आधीचा निवाडा) त्यांनी वाचायला घेतलं आणि समोरच्या वकिलांनी उठून सांगितलं, की हे तर २०२० मध्येच मोडीत निघालंय.

त्या दिवसापासून ताई सगळं स्वतःच शोधतात, मध्यरात्र उलटेपर्यंत. सगळ्यांना दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवावं, की भोपाळच्या नॅशनल लॉमधून निघालेलं कुणी हुशार माणूस फक्त संशोधनासाठी ठेवावं, की शिकले की सोडून जातात म्हणून हा नादच सोडावा, असा त्यांना पेच पडला आहे. एक ज्युनिअर मोबाइलवर एआयला विचारून उत्तरं आणतो असा संशय आहे. त्याला बंदी घालावी का, हेही त्यांना हवंय. पत्राच्या शेवटी त्या म्हणतात, “आजकालची मुलं वाचतच नाहीत. मी काय करू?”

उत्तर

ताई, नमस्कार.

रात्री जागून एकटीने सगळ्या फाइलींचं संशोधन करणं फार दिवस चालणार नाही, हे तुम्हालाही कळतंय, म्हणूनच तुम्ही लिहिलंत. त्या दिवशी कोर्टात जे झालं त्याची बोच मी समजू शकते. पण “मुलं वाचत नाहीत” हे तुमचं निदान मला पटत नाही. शंभर पानांचा प्रिंट आणणारी मुलगी आळशी नसते. आपल्याकडून नेमकं काय हवंय हे न कळलेलं माणूस असंच करतं. काहीतरी राहून जाण्यापेक्षा सगळंच दिलेलं बरं, असं त्याला वाटतं.

विधी-ग्रंथालयाच्या काउंटरमागे मी बरीच वर्षं काढली आहेत. तिथे ज्युनिअर यायचे आणि म्हणायचे, “मॅडम, सरांनी वाटणीवरचं एक रुलिंग मागितलंय.” मी विचारायचे, कसली वाटणी? आपण कुणाकडून आहोत? दावा कुठल्या टप्प्यावर आहे? हातात वही घेऊन मुलगा गप्प उभा राहायचा. त्याने ऐकलं नव्हतं असं नाही, त्याला सांगितलंच नव्हतं. सीनिअरना वाटायचं की सांगितलं, कारण फाइल त्यांच्या डोक्यात पूर्ण होती. त्यातलं एक वाक्य बाहेर पडायचं आणि ज्युनिअर तेवढंच घेऊन पायऱ्या उतरायचा.

म्हणून पहिली विनंती अशी, की शिकवण्याची सुरुवात ज्युनिअरपासून करू नका, तुम्ही काम कसं सोपवता तिथून करा.

तुमच्याच वाड्याच्या दाव्यावर हे तपासून पाहू. पत्रावरून असं दिसतं, की तुम्ही त्या मुलीला म्हणालात, “वडील २००५ च्या आधी वारले असतील तर मुलींना हक्क नाही, यावर सुप्रीम कोर्टाचं काहीतरी काढ.” तिने काढलं. ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ अगदी तेच सांगतं. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली आणि त्या दिवशी वडील आणि मुलगी दोघंही हयात असली तरच मुलीला सहदायक (वडिलोपार्जित मालमत्तेतला जन्मजात हक्कदार) म्हणून हिस्सा, असा तो २०१५ चा निवाडा. तुम्ही तिला उत्तर आधीच दिलं होतं आणि त्या उत्तराला आधार मागितला होता. आधार तिने आणून दिला. त्यात तिची चूक आहे, पण ती अर्धी.

हाच प्रश्न उघडा ठेवून विचारला असता तर? ‘वडील १९९८ मध्ये वारले. तीन मुलगे, दोन मुली असं समजा. मुलींनी वाड्यात हिस्सा मागितलाय. आज कायदा काय म्हणतो आणि भावांच्या बाजूने काय उरतं?’ असा प्रश्न घेऊन बसलेली मुलगी आधी त्या कायद्याचं कलम ६ उघडते. मग तिला दिसतं, की २०१५ नंतर, २०१८ मध्ये ‘दानम्मा’च्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्याच दुसऱ्या खंडपीठाने वडील २००१ मध्ये वारलेले असतानाही मुलींना हिस्सा दिला आहे. फुलवतीचा निवाडाही दोन न्यायमूर्तींचाच. सारख्या आकाराची दोन खंडपीठं दोन दिशांना गेलेली दिसली, की पुढे मोठं खंडपीठ बसलं असणार, एवढा संशय यायला हवा. तो आला की पुढचं सोपं. ११ ऑगस्ट २०२० ला ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ मध्ये तीन न्यायमूर्तींनी ठरवलं, की मुलीचा हक्क जन्मानेच येतो आणि २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. फुलवतीचं मत तिथे स्पष्ट शब्दांत रद्द केलेलं आहे.

पण खरं कामाचं पुढेच आहे. त्याच कलमात २० डिसेंबर २००४ ही तारीख आहे. त्याआधी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झालेली असेल तर ती टिकते. नुसत्या तोंडी वाटणीचं म्हणणं सहसा मान्य होणार नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद, असंही २०२० चा निवाडा सांगतो. म्हणजे भावांच्या वकिलाने रुलिंग शोधण्याच्या आधी पक्षकाराला विचारायचं होतं, की वाटणीपत्र झालंय का, कधी झालंय, नोंदणी केलीय का. आणि त्याच्याही आधी, वाडा वडिलोपार्जित आहे की वडिलांनी स्वतः कमावलेला? स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुली पहिल्या वर्गाच्या वारस म्हणून कलम ८ खाली मुलांच्या बरोबरीने हिस्सेदार आहेतच. हे १९५६ पासून आहे. २००५ चा वादच तिथे उद्भवत नाही.

पाहा, यातला शोध किती थोडा आहे आणि विचारणं किती आहे. हे कुठलंही सॉफ्टवेअर शिकवत नाही. हे तुम्हाला येतं, तुमच्या सासऱ्यांना येत होतं आणि ते तुमच्या ज्युनिअरना आजवर कुणी करून दाखवलेलं नाही.

तेव्हा तोंडी फर्मान बंद. ‘जरा बघून ठेव’ हे जिन्यात, गाडीत, कोर्टाच्या व्हरांड्यात सांगून झालं की ते काम सोपवलं असं धरू नका. अर्ध्या पानाची चिठ्ठी करा, हाताने लिहिलीत तरी चालेल. चार-पाच ओळींत हकीकत, महत्त्वाच्या तारखा, आपण कुणाकडून, कोर्ट कुठलं आणि टप्पा कोणता, नेमका प्रश्न, तुम्हाला आधीच माहीत असलेलं कलम किंवा निवाडा, आणि किती वेळ घालवायचा. ही शेवटची गोष्ट बहुतेक सीनिअर सांगतच नाहीत. अंतरिम अर्जासाठी दोन तास पुरतात. अपिलाच्या युक्तिवादाला दोन दिवस लागतील. वेळ सांगितला नाही की ज्युनिअर एकतर दहा मिनिटांत उरकतो किंवा तीन दिवस बुडून जातो. आणि खुर्चीतून उठण्याआधी त्याच्याकडून प्रश्न त्याच्या शब्दांत म्हणून घ्या. तिथेच निम्मे घोळ निस्तरतात.

दुसरी गोष्ट तुम्हाला थोडी अवघड जाईल. एकदा त्यांच्यासमोर बसून तुम्ही स्वतः शोधा, आणि मनात चाललेलं मोठ्याने बोलत शोधा. बोर्ड (कोर्टातल्या त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) नसलेला एखादा शनिवार घ्या. चौघांना आणि स्टेनोलाही स्क्रीनसमोर बसवा, पोहे मागवा आणि खरी, चालू असलेली, तुम्हालाही उत्तर माहीत नसलेली फाइल काढा. उत्तर आधी पाठ करून ‘दाखवलेलं’ त्यांना लगेच ओळखू येतं. तुम्ही एखादा शब्द टाकता, हजार निकाल येतात, तुम्ही म्हणता, “छे, हे फार झालं,” शब्दसमूह अवतरणचिन्हात टाकता, कोर्ट निवडता, वर्षं कमी करता, पुन्हा फसता. ‘हा निवाडा मी का सोडला’ हे त्यांनी तुमच्या तोंडून ऐकायला हवं, कारण सापडलेलं सगळ्यांनाच दिसतं आणि सोडून दिलेलं कुणालाच दिसत नाही.

तेव्हा क्रमही दाखवा. आधी कायद्याचा नुसता मूळ मजकूर, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट, कलम पूर्ण, परंतुकं आणि स्पष्टीकरणांसकट, आणि दुरुस्ती कधी झाली तेही. मग टीकाग्रंथ, म्हणजे कायद्यावर कलमवार भाष्य करणारं पुस्तक. ही पायरी आताची मुलं गाळतात, आणि त्याला कारण आपणच आहोत. आपल्या कपाटातला टीकाग्रंथ दोन आवृत्त्या जुना असतो. टीकाग्रंथ तासाभरात मुद्द्याचा नकाशा हातात देतो, डेटाबेस तो देत नाही. त्यानंतर सुप्रीम कोर्ट, मग आपलं हायकोर्ट आणि तिथे काही नसलं तर इतर हायकोर्टं.

आपलं हायकोर्ट म्हणताना एक गोष्ट नीट सांगा. मुख्यपीठ जबलपूरला, खंडपीठं इंदूर आणि ग्वाल्हेरला, पण कोर्ट एकच. मी अशी मुलं पाहिली आहेत जी शोधताना फक्त इंदूरवर खूण करतात आणि ग्वाल्हेरचा नेमका लागू पडणारा निवाडा हातचा घालवतात. उलट मुंबई हायकोर्टाचा निवाडा सापडला की आपल्या मराठी मुलांना फार आनंद होतो. पण भाडेकरूच्या प्रकरणात तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ वरचा असतो आणि आपल्याकडे चालतो मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१. आपल्याकडे बेदखलीची कारणं कलम १२ मध्ये, घर राहण्यासाठी हवं असलं तर एक खंड आणि दुकानासाठी हवं असलं तर दुसरा. विधवा, निवृत्त सरकारी नोकर अशा काही घरमालकांसाठी त्याच कायद्यात वेगळं प्रकरणच (चॅप्टर) आहे. ‘खरीखुरी गरज’ म्हणजे काय यावर मुंबईचा निवाडा वाट दाखवू शकेल, पण कलमाची जागा घेऊ शकणार नाही. (वडोदऱ्याच्या वाचकांसाठी इथेच सांगते. तुमच्याकडे १९४७ चा जुना मुंबई भाडे कायदा गुजरातच्या दुरुस्त्यांसह चालत आला आहे. म्हणून मुंबईचे जुने निवाडे तुमच्या जास्त उपयोगाचे आणि नवे कमी.)

फौजदारी बाजूला सध्या सगळ्यात मोठा घोटाळा तारखांचा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर भारतीय दंड विधानच लागतं. म्हणून चिठ्ठीवर घटनेची तारीख हवीच. शिवाय जुन्या दंड प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. ज्युनिअरने नुसतं ‘४८२’ टाकून शोधलं तर दोन्हींची खिचडी समोर येते. जुन्या ४३८ (अटकपूर्व जामीन) वर कित्येक दशकांचे निवाडे आहेत. ते शोधायचे तर जुना आकडा आणि जुन्या कायद्याचं नाव दोन्ही टाकायला हवं. तुमच्या स्टेनोला हा जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करून भिंतीवर लावायला सांगा. चौघांपेक्षा तीच तो आधी पाठ करेल, आणि मसुद्यातला चुकीचा आकडा टाइप करतानाच तिच्या नजरेला पडेल.

आता शोध संपल्यावर काय मागायचं? शंभर पानं मागू नका, एक पान मागा. पहिल्या दोन ओळींत उत्तर. मग आधार, निवाड्याच्या परिच्छेद क्रमांकासह. मग आपल्या विरुद्ध जाणारं जे सापडलं ते. हे रकान्यासारखं सक्तीचं असू द्या, रिकामं आलं तर परत पाठवा. शेवटी, कुठे कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले आणि निवाडा अजून टिकून आहे हे कोणत्या तारखेला तपासलं. ही शेवटची ओळ असती तर वाड्याच्या दाव्यात तुमची फजिती झाली नसती. डेटाबेसमध्ये फुलवतीच्या पानावर जाऊन ‘पुढे कुठे उल्लेख झाला’ ती यादी उघडायची, सुप्रीम कोर्टापुरती ठेवायची, नव्याकडून जुन्याकडे लावायची आणि मोठं खंडपीठ दिसतंय का ते बघायचं. दहा मिनिटांचं काम. पैसे भरून घेतलेल्या डेटाबेसमध्ये रद्द झालेल्या निवाड्याला खूण असते. पण ती खूण संपादकाची, आणि हेडनोटही (निवाड्याच्या सुरुवातीचा सारांश) संपादकाचीच. कोर्टासमोर वाचायचा तो न्यायमूर्तींनी लिहिलेला परिच्छेद. हेडनोटवरून उभं राहायची सवय ज्युनिअरना आपल्याकडे पाहूनच लागते, हे लक्षात असू द्या.

ज्युनिअरने दिलेल्या त्या एका पानाचं तुम्ही पुढे काय करता यावर सगळं अवलंबून आहे. मला वाटतं, तुमच्या ऑफिसात सगळ्यात मोठी उणीव इथे आहे. मुलं शोधून देतात, तुम्ही घेऊन कोर्टात जाता आणि पुढे काय झालं ते त्यांना कळतच नाही. कोणतं वाचलंत, कोणतं का वाचलं नाहीत, न्यायमूर्तींनी काय विचारलं, कुठे अडलात. ज्याने शोधलं त्याला त्या दिवशी तुमच्या मागे उभं करा, बाकीची तारीख दुसरा घेईल. हे जमलं नाही तर संध्याकाळी पाच मिनिटं द्या. वाड्याच्या दाव्यानंतर त्या मुलीशी तुम्ही याबद्दल बोललात का, हे पत्रात नाही. बोलला नसाल तर बोला. रागावू नका, पण पांघरूणही घालू नका. तिच्याबरोबर बसून कुठे चुकलं ते पडद्यावर शोधा आणि त्याच फाइलचं पुढचं काम, वाटणीपत्राची नोंद आणि मालमत्ता कुणी कमावली त्याचे कागद, तिच्याकडेच ठेवा.

एआयचं काय? बंदी घालू नका. बंदी घातली की ते मोबाइलवर, लपून होईल आणि तुम्हाला कळणारही नाही. मात्र धोका खरा आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘माटा विरुद्ध अविआंका’ या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टापुढे ठेवले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. ते निवाडे दिसायला अगदी खरे होते, पक्षकारांची नावं होती, क्रमांक होते, उतारे होते. हा प्रसंग चौघांना सांगा आणि नियम एकच ठेवा. निवाड्याचा पूर्ण मजकूर कोर्टाच्या संकेतस्थळावर किंवा निवाड्यांच्या अहवालात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचं नाव आपल्या कागदावर येणार नाही. कुठले शब्द टाकून शोधावं हे सुचण्यासाठी कुणी एआयला विचारलं तर विचारू दे, पण पानाच्या शेवटच्या ओळीत तसं लिहू दे. पक्षकारांची नावं, पत्ते आणि कागद मात्र त्यात टाकायचे नाहीत. यात सूट नाही.

मुन्शी काकांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, “त्यांचा या कामाशी संबंध येत नाही.” मला हे खटकलं. पंचवीस-तीस वर्षांच्या फाइली ज्यांच्या डोक्यात आहेत, त्यांचा संबंध नाही? ‘असाच वाड्याचा दावा मोठ्या साहेबांनी लढवला होता, त्यात अमुक कोर्टात असं झालं होतं’ हे सांगणारं माणूस तुमच्या ऑफिसात बसलेलं आहे. ज्युनिअरने शोधायला बसण्याआधी काकांना विचारायचं, अशी रीतच पाडा. मग त्या जुन्या फाइलींमधली टिपणं काढून विषयवार एका वहीत, नाहीतर संगणकाच्या एका फोल्डरमध्ये ठेवायला लागा. नवं प्रत्येक पानही तिथेच जाईल. काकांना कायद्याचा शोध शिकवू नका. त्यांना ऑनलाइन प्रकरणाची स्थिती, नक्कल, रोजचा बोर्ड आणि त्रुटी निघालेले अर्ज पाहायला शिकवा. तेही एका ज्युनिअरने, त्यांच्या शेजारी बसून, आदराने. बदल्यात त्यांनी त्या ज्युनिअरला नोंदणी कार्यालयातून जुनी नोंद कशी काढायची ते दाखवावं. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही.

तुमच्या पर्यायांबद्दल आता थोडक्यात सांगते. कार्यशाळा वाईट नसतात, पण आत्ता पाठवलंत तर बटणं शिकून येतील आणि पंधरा दिवसांत विसरतील. महिना-दोन महिने चिठ्ठी आणि पान यांची सवय लावा, मग डेटाबेसच्या कंपनीकडूनच तुमच्या ऑफिसात प्रशिक्षण मागा. वर्गणीदारांसाठी ते येतात. तोवर मुलांकडे स्वतःच्या अडलेल्या प्रश्नांची यादी असेल आणि ते प्रशिक्षण कामाचं ठरेल. वेगळं संशोधन करणारं माणूस ठेवण्याच्या मी सध्या विरुद्ध आहे. मोठ्या ऑफिसांत ते चालतं. चार ज्युनिअरच्या ऑफिसात एकजण ‘शोधणारा’ झाला, की बाकीचे तिघं तारखा घेणारे होतात आणि कायद्यापासून तुटतात. शिवाय शोधणाऱ्याने साक्षीदार पाहिलेला नसतो, पक्षकाराशी बोललेलं नसतं. वाड्याच्या दाव्यात हवं होतं ते पक्षकाराला विचारूनच मिळणार होतं.

शिकले की जातात, हे खरं आहे, काहीजण जातीलच. पण ते शिकल्यामुळे जातात की पैशामुळे, हे एकदा प्रामाणिकपणे पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून शहरात ज्युनिअरना दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. तुमच्याकडे किती मिळतं ते पत्रात नाही. ज्या मुलाच्या हातात पेट्रोल आणि खोलीचं भाडं भागून काही उरत नाही, तो तुमच्याकडे शिकून गेला तर त्याला दोष देता येणार नाही. आणि पान लिहिणाऱ्याचं नाव त्या पानावर, पक्षकारासमोर ‘हे हिने शोधलं’ असा एक शब्द, यानेही माणसं टिकतात. हे मी पाहिलेलं आहे.

रात्रीचं जागणं मात्र आजपासून कमी करा. सगळं एकदम सोडू नका. या महिन्यात दोन फाइली निवडा, कमी घाईच्या, आणि त्यांचा शोध पूर्णपणे ज्युनिअरवर सोपवा. तुम्ही फक्त पान तपासायचं. पहिली चार-पाच पानं तुम्हाला पटणार नाहीत. लाल शाईने खुणा करून परत द्या, स्वतः लिहून टाकू नका. तुम्ही लिहून दिलंत की पुढच्या वेळी ते तुमचीच वाट पाहणार.

ग्वाल्हेर, वडोदरा किंवा इंदूरमधल्याच एकट्याने किंवा दोघांनी चालवलेल्या ऑफिसांतून अशी पत्रं येतात, त्यात वर्गणी परवडत नाही हा पहिला मुद्दा असतो. सुप्रीम कोर्टाचे अधिकृत अहवाल जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. कायद्यांचा मजकूर इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर मिळतो, हायकोर्टाचे निवाडे त्याच्या संकेतस्थळावर मिळतात आणि आता प्रत्येकावर तटस्थ उद्धरण क्रमांक (कोर्टानेच दिलेला निवाड्याचा क्रमांक) असतो, त्यामुळे अहवाल विकत न घेताही निवाड्याकडे बोट दाखवता येतं. इंडियन कानून हे निवाडे शोधायचं संकेतस्थळ तर सगळे वापरतातच. नाही मिळत तो टीकाग्रंथ. त्यासाठी बारच्या ग्रंथालयात जायचं, तिथल्या ग्रंथपालांशी ओळख करून घ्यायची आणि ज्युनिअरला आठवड्यातून एक दुपार तिथे बसवायचं, चिठ्ठी हातात देऊन.